लाल ठिपक्याची कॅसेट

मित्रांनो, मला बघायचं असेल तर नागावला या. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर नारळीच्या वाडीत एक होमस्टे आहे. आत शिरलात की डाव्या हाताला चपला काढायची जागा आहे आणि तिच्यावर एक फळी. फळीवर मनी प्लँटची बाटली, पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही आणि तिसरा मी. मी एक जुना डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर आहे. माझ्या डाव्या दाराची काच गेली आहे आणि उजवं दार खाऱ्या हवेने गंजून घट्ट बसलं आहे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, "आमच्या पप्पांकडे असाच होता" म्हणतात आणि ओले टॉवेल खांद्यावर टाकून निघून जातात. माझं एकही बटण कुणी दाबत नाही.

येत्या सोमवारी शुभम येणार आहे. तो अलिबागचा, वायरिंगची कामं करतो. तो माझं पोट उघडून आतलं सगळं काढणार आणि तिथे ब्लूटूथचा स्पीकर बसवणार. बाहेरून मी जुनाच दिसेन, पाहुण्यांना ते आवडतं म्हणे. म्हणून जे सांगायचं ते आजच सांगून टाकतो. हा टेप फारच रडका आहे असं तुम्हांला वाटलं, तर वाटू दे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझे दोन हिरवे दिवे पहिल्यांदा लागले ते चंदरशेठच्या दुकानात, अठ्ठ्याऐंशी साली. शेठ हे नुसतं म्हणायला. त्यांचे वडील खारेपाटात मिठागरावर कामाला होते. उधाणात बांध फुटला, मिठागर गेलं आणि घरातली माणसं नागावला आली. चंदरशेठनी एसटीच्या थांब्याजवळ एका शटरचा गाळा घेतला. त्यात दोनेकशे कॅसेटी, एक स्टूल, एक पंखा आणि मधोमध माझी जागा.

आता या माणसाची एक खासियत ऐका. दुकानात येणारे निम्मे लोक एकच वाक्य बोलायचे, "मना गान्यातला काय कलत न्हाय." दुसरा कुणी दुकानदार असता तर त्याने त्या महिन्यात गाजलेलं काहीतरी हातात ठेवून त्यांची बोळवण केली असती. चंदरशेठ अशा माणसाला स्टुलावर बसवायचे. तुला काय आवडतं, असं ते कधीच विचारत नसत. ज्याला कळत नाही त्याला त्या प्रश्नाची लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते विचारायचे, "गाना ऐकताना हात काय करत असतील?"

काशीदचा भिकू तांडेल पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाही हेच विचारलं. तो म्हणाला, "हात जाल्यात. आनी डोक्यावर इंजिन." त्याची होडी आठ-आठ दिवस दर्यात असायची. चंदरशेठनी माझ्यात एक बासरीची कॅसेट घातली, दोन मिनिटं ऐकली आणि काढली. इंजिनाच्या धडधडीत बासरी ऐकूच येणार नाही, तबला तर बुडूनच जाईल. मग त्यांनी क्लॅरिनेटची एक कॅसेट लावली. भिकूने मान हलवली आणि घेऊन गेला. नारळी पुनवेच्या आधी तो परत आला. फीत पार झिजली होती. म्हणाला, "आता याच्या पुढचा काय हाय?"

त्या दिवशी चंदरशेठनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. त्यांचा नियमच तो होता. पहिली कॅसेट सोपी द्यायची, इतकी सोपी की मधली दहा मिनिटं निसटली तरी ऐकणाऱ्याचं काही बिघडू नये. ती झिजली की माणूस स्वतःच दुसरी मागायला येतो. दुसरी जरा अवघड द्यायची. गाणं न कळणारा माणूस नसतोच, त्याला पहिली कॅसेट चुकीची मिळालेली असते, असं ते छातीठोक सांगायचे.

चुकायचेही. सुपारीच्या वाडीवाल्या धर्माजींना त्यांनी एकदा मोठ्या गवयाची कॅसेट दिली. चार दिवसांनी धर्माजी छत्री आपटत आले. "चंदर, सगल्या सुपाऱ्या सोलून झाल्या, त्याचा गाना अजून सुरूच झाला न्हाय."

"चूक माझी हाय, काका," असं म्हणून चंदरशेठनी कॅसेट बदलून दिली. दोघं मिळून खूप हसले.

मी तेव्हा फार तोऱ्यात होतो. रोज संध्याकाळी स्पिरिटच्या बोळ्याने माझं हेड पुसलं जायचं. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला तर चंदरशेठ त्याला उठवून लावायचे. एखादी कॅसेट मला आवडली नाही तर मी तिची फीत खाऊन टाकायचो. हो, आम्ही टेप खायचो आणि माणसं पेन्सिल घालून ती फीत परत गुंडाळत बसायची. ही माझी खोड लक्षात ठेवा. पुढे ती कामाला यायला हवी होती.

आता नीराबाईंबद्दल सांगतो. त्या चंदरशेठच्या आई आणि धवलारीण. तुमच्यातल्या काहींना हे माहीत नसेल. आगरी घरच्या लग्नात हळदीपासूनचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता बाईचा आवाज. हळद कुठून आली, मांडवाची मेढ कुणी तोडली, मातीचा करा कुणी घडवला, असं सगळं त्यात सावकाश येतं. नीराबाईंच्या धवल्याला शेवटी आणखी एक भाग होता. तो त्यांना त्यांच्या आईने दिला होता. हळद लावून झाली की त्या नवरीच्या घरातल्या बायांची नावं गायच्या. आधी आई, मग आजी, मग पणजी, जेवढ्या मागे जाता येईल तेवढं. कोणती बाई कुठल्या गावाहून या घरात आली, तेही त्यात असायचं. हळदीच्या आधी आठ दिवस त्या नवरीच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांकडून ही नावं गोळा करायच्या आणि पाठ करायच्या. नावं घेऊन होईपर्यंत नवरीने पाटावरून उठायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद असे.

चंदरशेठच्या डोक्यात आलं की आईचा धवला कॅसेटवर काढावा. नव्या पोरींना तो लांबलचक आणि कंटाळवाणा वाटायला लागला होता. त्यांना गोडी लागेल अशी पहिली कॅसेट कुणीतरी काढायला हवी होती. नीराबाई मात्र दुकानात बसून गायला तयार होईनात. "मांडव न्हाय, नवरी न्हाय, मी गाऊ कोनाला? तुझ्या त्या डब्याला?" डबा म्हणजे मी.

मग त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात चंदरशेठच्या धाकट्या बहिणीचं, गुलाबचं लग्न ठरलं. मांडवही घरचा आणि नवरीही घरची. मला मांडवात पाटाजवळ ठेवलं. नव्वद मिनिटांच्या तीन कोऱ्या कॅसेटी आणल्या होत्या. नव्वदची फीत साठच्या फितीहून पातळ असते, हे पाहणाऱ्याला कळत नाही पण माझ्या चाकांना लगेच कळतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नीराबाई थांबत थांबत गायल्या आणि मी साडेचार तास त्यांचा आवाज भरून घेतला. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, नावं आली. ती नऊ होती. नववं नाव घेताना नीराबाईंचा आवाज बसला होता, पण त्या थांबल्या नाहीत. हळदीने पिवळ्या झालेल्या अंगाने बसलेली गुलाब रडत होती. माझी फीत संपून बटण वर उडालं तेव्हाच ती पाटावरून उठली. असं काम माझ्या हातून पुन्हा कधीच झालं नाही.

पुढच्या आठवड्यात रोज दुपारी अर्धं शटर ओढून चंदरशेठ ऐकत बसले. साडेचार तासांतून त्यांना तासाभराचं निवडायचं होतं. त्यांनी चाली गोड असलेले तुकडे घेतले. हळदीचा एक, मेढीचा एक, विहिणींची थट्टा करणारा एक. लांबण लावणारे भाग सोडले. नावांचा भाग त्यांनी दोनदा ऐकला आणि सोडला. नीराबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं.

"नावा न्हाय घेतलीस?"

"आये, आपल्या घरच्या आज्या दुसरा कोन ऐकंल? ज्याला काय कलत न्हाय, त्याच्यासाठी ही कॅसेट हाय. त्याला एकदा गोडी लागली का दुसऱ्या कॅसेटवर नावा घेऊ."

"अरं, धवला नावांसाठीच हाय," नीराबाई म्हणाल्या. "बाकीचा सगला नुसता तिथवर जायाचा रस्ता."

चंदरशेठ हसले. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही ठामपणे म्हणता येत नाही. परक्या घरातल्या नऊ बायांची नावं कोण ऐकत बसणार? त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांनी बरोबर निवड केली होती, आणि म्हणूनच मला इतकं वाईट वाटतं.

कॅसेट भयंकर चालली. खारेपाटातून, चौलहून, पार उरणहून माणसं यायला लागली. मी दिवसभर एका दारातून वाचायचो आणि दुसऱ्या दारात भरायचो. पुढच्या वर्षी एप्रिलात लग्नसराई ऐन रंगात असताना कोऱ्या कॅसेटी संपल्या. मुंबईहून माल यायला चार दिवस होते आणि तीन घरं त्याच संध्याकाळी कॅसेट न्यायला येणार होती. चंदरशेठनी खण उघडला. आत गुलाबच्या लग्नाच्या त्या तीन नव्वदच्या कॅसेटी होत्या. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. त्यांनी ते मोडलेले नव्हते.

त्यांनी त्या बाहेर काढल्या. मग स्वतःशीच बोलले, "आय घरात बसलीय. धवला जातंय कुठं?"

त्यांनी लाल बटण दाबलं. मित्रांनो, माझी फीत खायची खोड तुम्हांला सांगितली होती ना? सिनेमाच्या किती कॅसेटी मी नुसत्या चाळा म्हणून चघळल्या असतील. त्या दुपारी मी एकदा जरी फीत अडकवली असती तर चंदरशेठ भानावर आले असते. पण मी शहाण्यासारखा, न अडखळता, तिन्ही कॅसेटींवरचा तो आवाज पुसला आणि त्यावर सोपी निवड भरून दिली. इतकी स्वच्छ कॉपी मी आयुष्यात केली नव्हती. संध्याकाळी तिन्ही कॅसेटी विकल्या गेल्या.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. चंदरशेठच्या मात्र फार उशिरा लक्षात आलं. लोकांनी ती कॅसेट ऐकली, तिच्यावर प्रेम केलं, ती झिजवली, आणि परत येऊन तीच मागितली. दुसरी कॅसेट कुणीही मागितली नाही. हळदीच्या मांडवात आता धवलारीण बसेना, तिच्या जागी टेप बसू लागला. तासाभरात काम व्हायचं आणि पुढे नाचायला वेळ मिळायचा. आधी दूरच्या गावांनी नीराबाईंना बोलावणं बंद केलं, नंतर जवळच्यांनी. शेजारच्या आळीत बाळाजींच्या मुलीची हळद होती तेव्हा नीराबाई आपणहून नावं गोळा करायला गेल्या. बाळाजी चांगले गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, सरबत दिलं आणि म्हणाले, "मावशी, तुमी कशाला तरास घेताव? तुमचीच कॅसेट हाय ना."

त्या घरी आल्या आणि ओट्यावर बसल्या. त्यानंतर त्या कुणाकडे नावं विचारायला गेल्या नाहीत. आईचं काम आपणच काढून घेतलं, हे चंदरशेठना त्या दिवशी कळलं. ते त्या रात्री जेवले नाहीत, असं निकेतची आई दुकानात कुणाला तरी सांगत होती. निकेत आणि भाविका ही चंदरशेठची मुलं, तेव्हा लहान होती.

त्याच सुमारास धर्माजी पुन्हा छत्री आपटत आले. त्या संध्याकाळी विकलेल्या तीन कॅसेटींतली एक त्यांच्याकडे गेली होती. "चंदर, ही कॅसेट खराब हाय. गानी संपली तरी बंद होत न्हाय. जरा वेल खरखरते आनी मंग कोन बाई नुसती नावा घेत बसलीय. बदलून दे."

चंदरशेठचा चेहरा मी पाहिला. त्यांनी ती कॅसेट माझ्यात घातली आणि शेवटपर्यंत पळवली. मग आम्हां दोघांनाही उलगडा झाला. सोपी कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. ही नव्वदची, एका बाजूला पंचेचाळीस. दुसऱ्या बाजूची गाणी संपल्यावर दीड मिनिट कोरी खरखर होती आणि तिच्यापुढे साडेतेरा मिनिटं न पुसलेली राहिली होती. ही तीच तिसरी कॅसेट होती. नऊच्या नऊ नावं तिच्यावर होती. एवढ्या वर्षांत ती कॅसेट शेवटपर्यंत चालू ठेवणारा एकच माणूस भेटला आणि तो ती बिघडली म्हणून परत घेऊन आला.

धर्माजींना दुसरी कॅसेट मिळाली. या कॅसेटवर चंदरशेठनी बायकोच्या नखपॉलिशने एक लाल ठिपका दिला, या वेळी तिच्या पाठीवरचे दोन्ही तुकडे मोडले आणि ती घरच्या कपाटात ठेवली. "सवडीने उतरवून घेऊ, मंग आयला ऐकवू," असं ते मला म्हणाले. मला म्हणाले म्हणजे एकटेच बोलले. आईला आत्ताच सांगायची त्यांना लाज वाटत असावी. आपणच पुसलं, हे सांगावं लागलं असतं. ती सवड त्यांना कधी मिळाली नाही.

नंतरचं सगळं भराभर झालं. सीडी आल्या, मग मोबाईल आले आणि आपल्याला काही कळत नाही असं म्हणणारा माणूस दुकानात यायचा बंद झाला. दोन हजार नऊ साली शटर कायमचं खाली आलं. मी आत अंधारात होतो. दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळ आलं, तेव्हा गाळ्याचे पत्रे उडून गेले आणि दोन दिवस मी पावसात होतो. तिसऱ्या दिवशी चंदरशेठ नारळांच्या पडलेल्या झाडांवरून चढत चढत आले आणि मला चादरीत गुंडाळून घरी घेऊन गेले. पुढच्याच वर्षी ते गेले. शेवटच्या आजारपणात ते दोनदा म्हणाले, "गुलाबच्या लग्नाच्या वेलचा उतरवायचा राहिला." घरच्यांना वाटलं, तापात बडबडतायत.

मुलगा गेल्यावर नीराबाईंना झटका आला आणि वाचा गेली. बोलणं हळूहळू परत आलं, धवला आला नाही. भाविका तेव्हा पनवेलला एका इस्पितळात नर्स होती, सुट्टीला घरी यायची. तिने मला चादरीतून काढलं, हेड पुसलं, अलिबागहून नवा पट्टा आणून बसवला आणि आजीला तिचीच कॅसेट ऐकवायला सुरुवात केली. नेहमीची, झिजलेली प्रत. नीराबाई रोज दुपारी माझ्यासमोर बसायच्या. महिन्याभराने ओठ हलायला लागले, मग आवाज निघाला. घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला. मला मात्र धडकीच भरली, कारण फक्त मलाच कळत होतं. त्या आठवत नव्हत्या, मित्रांनो, त्या शिकत होत्या. आपलाच धवला त्या माझ्याकडून शिकत होत्या आणि माझ्याकडे जेवढा होता तेवढाच. जिथे कॅसेटमध्ये तुकडा संपायचा तिथे त्या थांबायच्या. जे चंदरशेठनी गाळलं होतं ते त्यांच्यातूनही गळून गेलं होतं.

दोन वर्षांनी डिसेंबरात भाविकाचं लग्न ठरलं. तिने हट्ट धरला की हळदीला आजीच गाईल, शेवटी नावंही आजीच घेईल. आत्याच्या लग्नात आजीने नावं घेतली होती, एवढं तिने ऐकलं होतं. जुनी प्रत त्याच आठवड्यात तुटली, म्हणून तिने कपाट धुंडाळलं. त्यात एक जवळजवळ नवी कॅसेट मिळाली. तिच्यावर लाल ठिपका होता. तो कशाचा ते तिला ठाऊक नव्हतं.

चंदरशेठची निवड कधी ना कधी आपल्या घरी परत येणारच होती. मला तर त्या कॅसेटचं वजन चाकांवर पडताच ओळख पटली. नव्वदची पातळ फीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या हातून झालेलं पाप आज थोडंतरी फिटेल.

दुपारचे चार वाजले होते. वाडीत मांडव, पाटावर भाविका, शेजारी खुर्चीत नीराबाई आणि त्यांच्या पायाशी मी. पहिली बाजू झाली. कॅसेट उलटली, दुसरी बाजू सुरू झाली. नीराबाई माझ्याबरोबर गात होत्या आणि मांडवातल्या बाया डोळे पुसत होत्या. विहिणींच्या थट्टेचा शेवटचा तुकडा झाला. मी थांबलो आणि त्याही थांबल्या.

"आजी, आता नावं घे ना," भाविका म्हणाली.

"येसूबाय," नीराबाई म्हणाल्या. ती त्यांची सासू. सुनेचं आणि स्वतःचं नाव त्यांनी आधी घेतलंच नाही. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "येसूबाय." पुढचं नाव येईना. गुलाबआत्या पुढे वाकल्या, त्यांनाही आठवेना. मांडवात दीडशे माणसं होती. या घरात येसूबाईंच्या आधी कोण बाई होती, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही.

नीराबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "पुढचा लाव."

"संपली गं आजी. कॅसेट तेवढीच आहे."

"थांब. येल." त्यांनी हात वर केला आणि सगळा मांडव गप्प झाला. नुसती माझी खरखर चालली होती. मी सेकंद मोजत होतो. पाऊण मिनिट झालं. एक मिनिट झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भाविकाचे डोळे आजीवर होते. आजीचा हात वर होता.

"अगं, किती वेळ?" निकेत पुढे आला. त्याला दोष देऊ नका, सकाळपासून तो एकटा सगळं बघत होता. "डीजेवाला थांबलाय, लोकं जेवायची राहिलीत. आजीला काय समजतंय आता? ऊठ, भाविका." त्याने खाली वाकून माझं बटण दाबलं.

वीस सेकंद राहिले होते. मित्रांनो, फक्त वीस.

भाविका पाटावरून उठली. नावं न ऐकता उठलेली ती या घरातली पहिली मुलगी. नीराबाईंचा हात खाली यायला बराच वेळ लागला. मग डीजे सुरू झाला.

लग्नानंतर भाविका पुण्याला गेली. जाताना तिने गावातल्या कुणाकडची तरी प्रत मिळवून फोनवर उतरवून घेतली, सोपी, तासाभराची. तिला वाटतं, आजीचा सगळा धवला आपल्यापाशी आहे. नीराबाई पावसाळ्यापर्यंत रोज दुपारी माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "येल." बटण दाबायचं त्यांना सुचत नव्हतं आणि घरातल्यांना वाटायचं, म्हातारी टेपशी बोलते. गौरीच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. नंतर निकेतने घराचा होमस्टे केला आणि मला त्या फळीवर ठेवलं.

ती लाल ठिपक्याची कॅसेट अजून माझ्या उजव्या खणात आहे, निकेतने थांबवली तिथेच. दार गंजल्यामुळे ती बाहेर येत नाही. निकेतने शुभमला फोनवर सांगितलं, "आत एक कॅसेट अडकलीय, तोडून काढ. गाणी आहेत आमच्याकडे." त्यामुळे सोमवारी काय होणार ते मला माहीत आहे. ती नावं माझ्या हेडवरून भरताना गेली, वाजतानाही गेली, पण मला त्यांतलं एकही सांगता येत नाही. आमच्यात काही राहत नाही. आमच्यातून सगळं नुसतं जातं.

तुम्ही याल असं मला वाटत नाही. येणारे सगळे समुद्रासाठी येतात. तरी सांगून ठेवतो. घरात कुणी म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं, तर त्याचं संपलं असं धरून चालू नका. आणि सोमवारच्या आत इथून गेलात, तर चपला काढताना वर बघा. माझं डावीकडून तिसरं बटण जोरात दाबा, ते घट्ट झालं आहे. आधी खरखर येईल. तो बिघाड नाही. मनात वीसपर्यंत मोजा आणि तोवर मला बंद करू नका.